मनगटाजवळचा आकडा

रविवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी, बाबा बरे, जिन्यातला दिवा अजूनही आपल्या मर्जीने लागतो. पाकिटावरचं गिचमिड अक्षर बघून तुला हसू आलं असेल. पोस्टमनला ते लागलं हेच नवल. पाकीट मात्र फेकू नकोस.

हल्ली काय करतेस, असं तू विचारलं होतंस. शिलाई मशीनच्या पॅडलमध्ये बसणारा सेन्सर करतो आम्ही. पाय किती दाबला हे कळायला पूर्वी आत एक पत्ती पट्टीवर घासत जायची आणि घासून घासून झिजायची. आमच्यात काहीच कशाला टेकत नाही. सर्किट बोर्डावरच तांब्याची वेटोळी छापलेली असतात. त्यांच्यावरून थोडं अंतर राखून पितळेची पट्टी सरकते आणि ती नेमकी कुठे आहे ते बोर्डाला न शिवता कळतं. आपल्या घरातल्या माणसांसारखंच, असं म्हणशील. म्हणू नकोस, आपल्याला कुठे कळतं?

कुठलाही धातू जवळ आला की आकडा हलतो. म्हणून टेबलाशी येण्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या डब्यात काढून ठेवायच्या, असा नियम आहे.

गेल्या आठवड्यात घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस होता. बाबा आले, नेहमीसारखा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. घड्याळ डब्यात टाकलं. मी म्हटलं, मनगट बोर्डाच्या कडेला टेकवा आणि पट्टी हळू सरकवा. पडद्यावरचा आकडा भलतंच सांगायला लागला. मी बोर्ड बदलला, तरी तेच. तिसरा लावला आणि जोडणी करणाऱ्यावर खेकसले. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो. त्याने बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, बोर्ड चांगलाय. काका, जरा हात बदलून बघा बरं."

डाव्या हाताने आकडा सुतासारखा सरळ आला.

"काका, उजव्या मनगटात प्लेट बसवलीय का हो?"

"असेल," बाबा म्हणाले आणि घड्याळ घ्यायला दाराकडे गेले.

घरी आलो. चहा झाल्यावर म्हणाले, "त्याला कळवायचं नाही." त्याला म्हणजे तुला. मग मात्र मी पिच्छा सोडला नाही.

तू घर सोडलंस त्या दिवशी जिन्यात त्यांनी तुझ्या बॅगेचा बंद धरला होता आणि तू हिसका दिलास. ते पायरीवर बसले. तुला वाटलं, रागावून बसले. ते पडले होते, दादा. हाड मोडलं होतं. मी तेव्हा ट्रेनिंगला बाहेरगावी. परत आल्यावर व्रण दिसला, तर म्हणाले, काच लागली. पुढे पाट्या रंगवणं सोडलं, तर म्हणाले, फ्लेक्सचा जमाना आलाय, ब्रशला कोण विचारतो! तेही मला पटलं. आयुष्यभर दुकानांवर हातभर अक्षरं काढणाऱ्या माणसाला आता उजव्या हातात पेन्सिल धरवत नाही. मला राग येतो, पण कुणाचा ते ठरत नाही.

तू लिहिलं होतंस, 'इतक्या वर्षांत बाबांची एक ओळ नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने "ये" असं लिहिलं तर येईन, नाहीतर महिनाअखेर परदेशातली नोकरी पक्की करतो.' मी ते त्यांना वाचून दाखवलं होतं. ते गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचा तू इतकी वर्षं जो अर्थ काढलास, तोच मीही काढला. फोनवर तर ते 'बरं आहे'च्या पलीकडे कधी गेलेच नाहीत. आणि वेडंवाकडं अक्षर ते तुला पाठवणार? तू गिरवलेला क पुन्हापुन्हा पुसायला लावणारा माणूस!

काल मी सांगून टाकलं, मी त्याला सगळं लिहिणार.

"लिही," म्हणाले. "पण त्याच्यामुळे झालं असं लिहू नकोस."

म्हणून तसं लिहीत नाही. थोड्या वेळाने खुर्ची खिडकीजवळ ओढून म्हणाले, "पाकीट इकडे दे."

पत्ता घालण्यात त्यांची दुपार गेली. डावा हात. आधीची पाकिटं त्यांनी स्वतःच फाडून टाकली, मला बघूही दिली नाहीत. हे जमलं. आता त्याची झडप उलट करून आतल्या बाजूला बघ. तिथे एकच अक्षर आहे. ते काढून झाल्यावर त्यांनी मला चष्मा लावायला लावला आणि विचारलं, "मात्रा नीट लागलीय ना?"

मी हो म्हटलं. पण त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. तूच येऊन सांग.

तुझी,
शेंडेफळ