संडासाच्या दारावरची फीत

मंगळवार, दिवेलागण

एका समाजसेवी संस्थेने चाळीमागे बायकांसाठी नवा संडास बांधला. काम चांगलं केलंय, खोटं कशाला बोलू. पण दाराला फीत बांधून ठेवली, कारण उद्घाटनाच्या पाहुण्यांना वेळ नाही. तोवर शेजारची सुलू सुजलेले गुडघे ओढत नाक्यावरच्या संडासापर्यंत जाते. आज अर्ध्या जिन्यात बसून रडली. मी भाजीची सुरी घेतली, फीत कापली, म्हटलं, जा आत.

आत्ता संस्थेची पोरगी येऊन गेली.

"आजी, फीत पाहुण्यांनी कापायची होती."

"का, त्यांना जायचं होतं?"

हसली नाही. नवी फीत बांधते म्हणाली. माझं चुकलं का? असेल. बांध म्हटलं, पण दार उघडं ठेव. सुरी घरात आहेच.