सूर्यास्तानंतर गाडी नाही

२१ जून, शनिवार

गाडी विकली! मला न विचारता! सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले तेव्हा पोर्चमध्ये डिझेलची गाडी होती. परत आले तर नुसते तेलाचे डाग. हे झोपाळ्यावर बसलेले.

"इलेक्ट्रिक बुक केलीया, माला. छतावर सोलर हायच की."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी साधा मिक्सर मला विचारल्याशिवाय आणला नाही. आणि आता थेट गाडी. दिवसभर बोलले नाही. ह्यांना ते कळलंसुद्धा की नाही, कोण जाणे.

२२ जून, रविवार

बुक केलीच आहे तर निदान बघून तरी येऊ, म्हणून शोरूममध्ये गेलो. एका चार्जिंगमध्ये किती जाते, विचारलं. तिथला माणूस कंपनीचा आकडा सांगायला लागला. म्हटलं, कंपनीचा नको, कोल्हापूर ते आजऱ्याचा सांगा. पावसात, एसी लावून, चढ धरून. तो जरा दबकला. "काकी, आजऱ्याला आरामात जाईल. परत येताना जरा बघायला लागंल."

ह्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली — "गियर न्हाय ना? बाईमाणसाला जमंल ना?" मी म्हटलं, बाईमाणूस कोण? मी तर गाडी चालवत नाही. हसले नुसते.

मला आजऱ्याशिवाय दुसरं काही विचारायचं नव्हतं. आमची लेक प्राची तिथं सासरी आहे. सहावा महिना संपत आला. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, त्यामुळं माहेरी आणता येत नाही. आणि व्याह्यांच्या घरी आपण तीन महिने आधीच जाऊन राहणं शोभत नाही. नवव्यात जाणार आहे. पण भीती आहे ती त्याच्या आधीचीच.

दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सातव्यात गेलं. संध्याकाळी तिचा फोन आला होता — "आई, ये." हे म्हणाले, अंधारात नको, पहाटे निघू. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पोर भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती पहाट मी ह्यांना अजून माफ केलेली नाही. तोंडानं कधी बोलले नाही, एवढंच.

या वेळी फोन आला की निघायचं. कुठल्याही वेळेला. शब्द दिलाय तिला.

८ जुलै, मंगळवार

गाडी आली. आवाजच नाही! गेटमधून आत येऊन उभी राहिली तरी मला पत्ता नाही. बॉनेटवर स्वस्तिक काढलं. दुपारी ऊन होतं, लगेच चार्जिंगला लावली. छतावरचं ऊन खाली गाडीत उतरतंय, ही कल्पना मला आवडली. हे मान्य करायला हवं.

१३ जुलै, रविवार

हे बस्तीतून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "महाराजांसमोर नियम घेतला."

काय सोडलं? साखर? दही? चातुर्मासात लोक सोडतात तसंच काहीतरी असेल, असं वाटलं.

"गाडीला फक्त सूर्याची वीज द्यायची. आणि सूर्य मावळला की गाडी बाहेर काढायची न्हाय. आपण रात्री जेवत न्हाय, मग गाडीनं तरी का जेवायचं?"

मी पदर धरून उभीच राहिले. नेमकी आजच मी ताप म्हणून घरी. तिथं असते तर हात धरून खाली बसवलं असतं!

"आणि गाजावाजा करू नको," म्हणाले.

१४ जुलै, सोमवार

नियम का घेतला, असं कुणाला विचारायचं नसतं. हात जोडून अनुमोदन द्यायचं. मोडायला लावणारा मोडणाऱ्यापेक्षा जास्त पापी. माझ्या आईनं हेच शिकवलं, मी प्राचीला हेच शिकवलं. त्यामुळं "का" विचारलं नाही. पण प्राचीचं काय, हे विचारलं.

"दिवसा फोन आला तर दिवसा निघू."

"आणि संध्याकाळी आला तर?"

हे उठून आत गेले.

१६ जुलै, बुधवार

माझीच चूक. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. म्हटलं, वादात जिंकू. सांगितलं की ढग आले की छतावरून पुरेशी वीज येत नाही, उरलेली बोर्डाच्या तारेतून येते. म्हणजे कोळशाची. तुमचा नियम पाळणं शक्यच नाही!

हे विचारात पडले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. ढग असले की लावायचीच न्हाय."

कोल्हापुरात! श्रावण तोंडावर असताना! स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

२२ जुलै, मंगळवार

बॅटरी अर्ध्यावर आली आणि वर जाईना. समोरचा कृष्णात फाटकातूनच ओरडला, "काय दादासो, गाडीला आजबी उपास हाय व्हय?" हेही हसले. मला हसू आलं नाही.

भर दुपारी गाडी आत घेताना ह्यांनी गेटचा खांब घासला. डाव्या बाजूला मागपर्यंत ओरखडा! हा खांब काय आज उभा राहिला? "लक्ष कुठं असतं हो?" म्हटलं. "नवीन गाडी हाय, अंदाज यायचाय," म्हणाले.

२६ जुलै, शनिवार

ठरवलं. नियम ह्यांचा आहे. माझा नाही.

मागच्या गल्लीतली मेहमुदा बायकांना गाडी शिकवते. गेले. तिनं मला चपलेपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. "वैनी, वय?" म्हटलं, चौसष्ट. "मग सोपं हाय. पोरी घाबरत्यात. तुमच्याकडं बघून रस्ताच घाबरंल."

२९ जुलै, मंगळवार

ह्यांना सांगितलं — तुमची गाडी शिकायला नेते. भांडणाची तयारी करून गेले होते. हे म्हणाले, "ने की." आणि किल्ली हातात ठेवली. एवढं सोपं? मला धक्काच बसला.

५ ऑगस्ट, मंगळवार

ब्रेक जोरात दाबला. मेहमुदाचं कपाळ जवळजवळ काचेला. "वैनी, पाय हाय का जातं?" पण कागलपर्यंत नेली आणि परत आणली. हायवेवर! पॅनेलवर ढग, अंगावर घाम. लायसन हातात येईपर्यंत मेहमुदा शेजारी बसणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

प्राची फोनवर म्हणाली, पाय सुजलेत. "आई, बॅटरी किती हाय?" पोर बापाच्या तब्येतीआधी गाडीची बॅटरी विचारते! चाळीस टक्के. साठ म्हणून सांगितलं.

१७ ऑगस्ट, रविवार. आजरा, दवाखाना

प्राचीला आत नेलंय. बाहेर बसून लिहिते. नुसतं बसवत नाही.

दिवेलागणीला जावई अनेकांतांचा फोन. कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेतोय. मागून तिचा आवाज — "आईला सांगा!" मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खिडकीकडं बघत होते. बाहेर अंधारत होतं.

"पहाटे निघू."

तेच शब्द! तेच! दोन वर्षांपूर्वीचेच! माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथं लिहिणार नाही. चाळीस वर्षांत मी ह्यांना एकेरी हाक मारली नव्हती. आज मारली. किल्ली उचलली आणि मेहमुदाला फोन केला. ती भाकरी अर्धी टाकून आली.

गाडी बाहेर काढली तेव्हा मागचं दार उघडलं. हे आत बसले.  मेहमुदा माझ्या शेजारी.

बॅटरी सदतीस. आजरा होणार नाही, हे मला कळत होतं. कागल ओलांडल्यावर हायवेवर एका हॉटेलाबाहेर चार्जर दिसला. मी थांबवली. आता हे उतरून जातील, रस्त्यावर बसतील, असं वाटलं.

मागून आवाज आला, "लाव की. बघतीस काय?"

बोर्डाची वीज! सूर्यास्तानंतर! नियम मोडला आणि चेहऱ्यावर रेघ हलली नाही! लोक नियम मोडला की रडतात, महाराजांकडं प्रायश्चित्त मागायला धावतात. मी पापाची वाटेकरी झाले म्हणून मीच मनात णमोकार मंत्र म्हणायला लागले. हे मात्र हाताची घडी घालून शांत बसलेले.

मेहमुदानं चहा आणला. रात्रीचं काही घ्यायचं नाही, म्हणून आम्ही दोघांनी नाही म्हटलं. तिनं तिन्ही कप संपवले आणि म्हणाली, "चला वैनी, आता तुमचा पाय आनि माझा जीव."

पुढंही गाडी मीच चालवली. पाऊस, वळणं, समोरून उसाचे ट्रॅक्टर नव्हते एवढंच नशीब. पोचल्यावर प्राचीनं माझा हात धरला. आत नेईपर्यंत धरून होती.

मी वेळेत पोचले. बस्स.

१८ ऑगस्ट, सोमवार. आजरा

मुलगी झाली. लहानशी आहे, आवाज खणखणीत. प्राची बरी आहे.

सकाळी ह्यांना आत बोलावलं. दारातल्या बाकाला गुडघा आपटला. एवढा मोठा बाक! नर्सनं बाळ पुढं धरलं. ह्यांनी हात पसरले ते भलत्याच बाजूला. नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी पुढं होऊन ह्यांचा हात धरला.

"दिसत नाही तुम्हाला?"

"अगदी समोरचं तेवढं दिसतंय. बाजूचं न्हाय. अंधार पडला की तेबी न्हाय." मग प्राचीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू — "तीन वर्षं झाली, माला. नियमबियम काय न्हाय. बस्तीत महाराजांसमोर मी उभाच राहिलो न्हवतो."