काळे बूट, नऊ नंबर

४ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून मी वहिनींच्या पाळणाघराचा 'आपत्कालीन सज्जता समन्वयक'. पद मीच सुचवलं. वहिनी नुसतं 'मदतनीस' म्हणत होत्या. नोकरी गेल्यापासून आठ महिने घरी बसलेल्या माणसाला एवढं तरी लांबलचक पद हवंच. वीस तारखेला तपासणीबाई येणार. घंटा झाली की बावीस मुलं तीन मिनिटांत अंगणात, मोजणी बिनचूक. जमलं तर पाळणाघराचा परवाना चालू आणि मी कायम. नाही जमलं तर दोन्ही बंद. न जमायचा प्रश्नच नाही.
संकल्प: रोज पाचला उठणे. उद्यापासून.

५ मार्च, मंगळवार
सहा वाजून गेले उठायला. पाहणी केली. कर्मचारी तीन: मोठी ताई, धाकटी ताई आणि मावशी. मावशी एकोणीस वर्षं इथंच. प्रशिक्षण शून्य. मुलं कशी मोजता, विचारलं, तर म्हणे चपलांवरून. दारात एक रॅक आहे, आत येणारा प्रत्येक जण त्यात चपला काढतो. मुलांचे कप्पे ठरलेले. वाचता येत नाही म्हणून कप्प्यावर चित्र: बदक, छत्री, जहाज. ज्यांना अजून उभंही राहता येत नाही त्या चार बाळांच्या हौसेच्या बुटांनासुद्धा कप्पे. मी समजावलं की सुधारलेल्या जगात हजेरीपट असतो. मावशी म्हणाल्या, "पटावर काय, वाट्टेल ते लिहिता येतं साहेब. चप्पल इथं आहे म्हणजे माणूस आत आहे."
जुनी माणसं. हळूहळू वळवू.
त्यांचीच आणखी एक तक्रार: सामानाच्या खोलीच्या दाराची आतली मूठ निखळते. क्षुल्लक. टप्पा दोनमध्ये घेतली.

७ मार्च, गुरुवार
फाइल तयार! चौसष्ट पानं, सात परिशिष्टं, वर प्लॅस्टिकचं कव्हर. पाय एका जागी ठरेनात म्हणून बाइंडिंगवाल्याकडे तीन चकरा मारल्या. चौथ्यांदा त्यानंच हात जोडले. बायको म्हणाली, आग लागल्यावर एवढं वाचत कोण बसणार? म्हटलं, आग लागायच्या आधी वाचायचं. मग तू वाचलंस का, असं तिनं विचारलं.
लिहिणाऱ्यानं वाचायचं नसतं.

८ मार्च, शुक्रवार
पहिलं प्रशिक्षण, दुपारी मुलं झोपल्यावर. स्लाइड बहात्तर. एकोणिसाव्या स्लाइडला ('संकट म्हणजे काय', भाग चौथा) एक बाळ रडलं, मोठी ताई गेली. तेविसाव्याला धाकटी. मावशी मात्र शेवटपर्यंत बसल्या. डोळे मिटून होत्या हे दिवा लावल्यावर कळलं. एकंदरीत प्रतिसाद चांगला.

११ मार्च, सोमवार
चपलांचा रॅक ऐन दारात! बाहेर पडायच्या वाटेत अडथळा, पान १७. तडकाफडकी हलवायला लावला, थेट अंगणात, फाटकाजवळच्या पत्र्याखाली. मावशी विरोध करतील म्हणून तीन मुद्दे पाठ करून गेलो होतो. त्या जरा विचार करून म्हणाल्या, बरं झालं, मुलं तिथंच तर येऊन थांबणार. तिन्ही मुद्दे वाया गेले. पण माझं म्हणणं पटायला लागलंय.

१३ मार्च, बुधवार
दुसरं प्रशिक्षण रद्द. प्रोजेक्टर लावून बसलो तर समोर कोणी नाही. सगळे अंगणात. मावशींनी खेळ मांडलेला: लांब दोरीला अठरा गाठी, गाठीगाठीला एकेक मूल. घंटा वाजली की रांगेनं बाहेर, आणि ज्यानं त्यानं आपापल्या चपलांपाशी बसायचं. चार बाळं चाकांच्या एकाच पाळण्यात, तो धाकटी ताई ढकलते. मोठी ताई पलंगांखाली आणि संडासात डोकावून सगळ्यांत शेवटी निघते. मग कामांची अदलाबदल, कारण तिघींना तिन्ही यायला हवीत म्हणे. ऐन प्रशिक्षणाच्या वेळी खेळ! वहिनींच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, भावजी, उभं राहून एकदा बघा तरी. कुठला वेळ? चाळिसाव्या स्लाइडचा रंग बदलायचा होता.

१५ मार्च, शुक्रवार
आपत्कालीन पेटी भरली. टॉर्च, शिटी, मलमपट्टी, पालकांचे फोन नंबर. कोणी हात लावू नये म्हणून कुलूप घालून सामानाच्या खोलीत ठेवली, फाइलशेजारी. किल्ली माझ्याकडे. मोठी ताई म्हणाली, अडीनडीला लागली तर? म्हटलं, मी आहे ना.
मावशींनी नंबरांची दुसरी प्रत पिशवीत घालून दाराशी टांगलीय. अविश्वास, दुसरं काय.
मूठ निखळली. खोचून ठेवली. सोमवारी नक्की.

१८ मार्च, सोमवार
स्टॉपवॉच आणायला गेलो. मूठ राहिली.

१९ मार्च, मंगळवार
चौथा चहा. येरझाऱ्या. बायको म्हणाली, आधी बूड टेकव. टेकवलं, परत उठलो. आठ महिन्यांनी सकाळी नऊला कुठंतरी माझी वाट बघतात. ते जायला नको, बस्स.

२० मार्च, बुधवार. दुपारी ३
तपासणीबाई १०.४० ला येऊन अंगणात घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. सराव अकराला. आणि १०.५२ लाच घंटा! मला न विचारता! तडक सामानाच्या खोलीत गेलो. वेळेआधी घंटा वाजवायचा अधिकार कोणाला, ते फाइलीत होतं. पान ९ किंवा १९. दार मागं आपोआप लागलं. पान ९ वर काही नव्हतं. १९ येईपर्यंत वास आला. टॉवेल वाळवायचं मशीन पेटलं होतं. खरोखर. दाराखालून धूर यायला लागला. मूठ ओढली. हातात आली.
शिटी पेटीत, पेटीची किल्ली कोटात, कोट ऑफिसात. चौसष्ट पानं छातीशी धरलेली आणि एक ओळ आठवेना. हाक मारायला गेलो तर आवाज फुटेना. इथं कोण वाचणार आहे, लिहून टाकतो: मी फार घाबरलो होतो.
बाहेरचं नंतर कळलं. सगळी मुलं चपलांपाशी येऊन बसली. ताईंनी, वहिनींनी, मावशींनी आपापल्या चपला घातल्या. मावशींनी रॅकवर नजर टाकली, तर एक जोड उरलेला. काळे बूट, नऊ नंबर. हजेरीपटावर मी नव्हतोच. मोठ्यांची नावं घालायची मला सुचलीच नव्हती. मावशींनी दोरी मोठ्या ताईच्या हातात दिली, तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि आत आल्या. दार बाहेरून उघडलं. म्हणाल्या, "हात सोडू नका."
नाही सोडला. बंब येऊन आग विझली तरी धरूनच होतो.

२२ मार्च, शुक्रवार
अहवाल आला. परवाना मिळाला! 'मुले बाहेर: दोन मिनिटे दहा सेकंद. कर्मचाऱ्यांचे कौशल्य उत्तम.' शाबास, म्हटलं, मेहनत फळाला आली. खालची ओळ: 'सर्व व्यक्ती बाहेर: नऊ मिनिटे. विलंबाचे कारण: समन्वयक.'
तपासणीबाईंनी विचारलं, यांना तयार कोणी केलं? मी घसा खाकरला. दोन्ही ताया आणि वहिनी मावशींकडे बघत होत्या. मग मीही तिकडेच बघितलं.

२५ मार्च, सोमवार. संध्याकाळ
पाचला उठलो. पहिल्यांदाच. नऊच्या आत जाऊन मूठ बसवली. चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम.
समन्वयक आता मावशी. वहिनींनी मला काढलं नाही, मदतनीस केलं. आजपासून माझं प्रशिक्षण सुरू, दोरीच्या शेवटच्या गाठीपासून. फाइल उपयोगात आली: पानांची मागची बाजू कोरी असल्यामुळे मुलं त्यावर चित्रं काढतात. त्यातलंच एक कापून रॅकच्या नव्या, तेविसाव्या कप्प्यावर चिकटवलंय. मला ते केळं वाटलं. काढणारी मुलगी म्हणाली, दाराची मूठ आहे.
बूट त्यात ठेवले.
संध्याकाळी मुलं गेली. मी आत खेळणी आवरत होतो. मावशी नेहमीप्रमाणे रॅकवर शेवटची नजर टाकून आल्या आणि दारातून हाक मारली, "एक जोड आहे अजून. कोण राहिलंय आत?"
म्हटलं, "मी आहे."