सँडलच्या मापाचा पाय

३ फेब्रु., सोम.
थेरपीला गेले. माझी फिजिओ मधुरा आज खूश. उचगावची पोर, आमच्या अनूपेक्षा लहान, पण ओरडते सासूसारखी. दोन्ही बाजूंच्या दांड्यांना हात न लावता इकडून तिकडे चालून दाखवलं. "काकू, साडीत कुणाला कळायचं पण न्हाय!" हेच ऐकायला तर जाते मी.
उजवा पाय गुडघ्याखालून गेला, त्याला वर्ष होत आलं. साखर. नवा बसवताना सगळे म्हणत होते, माप सपाट चपलेवर घेऊ. मीच हट्ट केला, माझ्या उंच टाचेच्या सँडलवर घ्या. शाळेतली सगळी नोकरी त्याच उंचीत काढली, आता का कमी व्हायचं?
रविवारी अनूला घेऊन कागलला. किरणचं घर. पोरांनी एकमेकांना पसंत केलंय, आता घरच्यांची गाठभेट.

५ फेब्रु.
जेवताना भांडण. अनू म्हणाली, "आई, किरणला तुझ्या पायाचं सांगून टाकते ना." मी म्हटलं, लग्न ठरेपर्यंत अजिबात नाही. आईचा पाय साखरेने गेला म्हटलं की पुढचा प्रश्न पोरीच्या रक्ताचा. माझी शपथ घातली तिला. हे म्हणाले, "अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. कागल काय परदेशात आहे?" त्यांनाही गप्प केलं. अनू ताट तसंच ठेवून उठली.
मी तिच्यासाठीच करतेय. तिच्यासाठीच ना?

९ फेब्रु., रवि.
लिहायला हात धजत नाही.
गाडीतून झोकात उतरले. अंगण पार केलं. दारात सगळ्यांच्या चपला काढलेल्या. आणि तिथं डोक्यात उजेड पडला. जन्मभर लोकांच्या दारात चपला काढत आले आणि नेमकं तेच विसरले! उजवी सँडल काढली, टाच जमिनीला टेकवली, तशी सरळ मागेच जायला लागले. हे पाठीशी होते म्हणून. घाईघाईने परत घातली.
किरणची आई, सुमनताई, दारात पाण्याचा तांब्या घेऊन. "या की पावणं. पायताण ऱ्हाऊ दे तितंच."
मी म्हटलं, "टाचेचं हाड वाढलंय हो. डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हणून सांगितलंय."
किती सहज आलं तोंडातून. वर्गात पोरं असली कारणं द्यायची तेव्हा मी पट्टी काढायचे.
"आसू दे, आसू दे. तशाच या आत."
गेले तशीच. देवघरासमोरून, सँडल घालून. फरशी नुकतीच पुसलेली, तिच्यावर माझे मातीचे ठसे. किरणच्या वडिलांनी एकदा खाली बघितलं आणि लगेच दुसरीकडे. परतीच्या वाटेवर अनू खिडकीबाहेर बघत बसली.

११ फेब्रु.
मधुराला खरं सांगितलं नाही. देवळात अनवाणी जायचंय म्हटलं. म्हणजे आणखी एक खोटं. तिने सँडल काढून दांड्यांत उभं केलं. सपाट फरशीवर चढ चढल्यासारखं वाटतं.
"पाऊल सँडलच्या उंचीला बसवलंय की, काकू. टाच खाली गेली की गुडघा मागं ढकलला जाणारच."
उपाय दोन. आत घालायला तेवढ्याच टाचेच्या वेगळ्या सपाता. नाहीतर पाऊल पुन्हा सपाटला बसवून सँडल कायमची सोडायची. वर म्हणाली, "आणि कुणाच्या दारात अडचण आली तर सांगायचं की सरळ. त्यात काय लाजायचं?"
एवढी चिडले तिच्यावर! बिचारी मान खाली घालून, पाय कुठे घासतोय का ते बघत राहिली.

१६ फेब्रु.
कागलहून होकार. अनू हसली नाही. पुढच्या रविवारी ते बोलणी करायला येणार.
सुमनताईंचा स्वतःहून फोन. "रुईचं पान गरम करून टाचंला बांधा. मला गुण आला हुता." हो म्हटलं.

१९ फेब्रु.
पुन्हा फोन. "फरक हाय का?" म्हटलं, आहे. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

२३ फेब्रु., रवि.
बोलणी झाली. सगळं गोड. मग सुमनताईंनी पिशवीतून सपाता काढल्या, मऊ, जाड तळाच्या. "तुमच्या टाचंसाठी आणल्यात. घालून बघा की."
नंतर बघते म्हटलं. पण त्या खाली बसल्यासुद्धा. नको नको म्हणेपर्यंत माझा डावा पाय त्यांच्या हातात. सपात चढवली. मग उजवा. सँडल काढली, मोज्यावरून टाच धरली आणि हात थांबला. अंगठ्याने एकदा दाबून बघितलं. वर बघितलं नाही. डाव्या पायाला जितकं जपलं तितकंच जपून उजव्याला सपात घातली, पाऊल अलगद खाली ठेवलं.
"बसली," म्हणाल्या.
आणि मी काय बोलले? "चहा ठेवू ना?"
हे म्हणतात, त्यांना कळलं नसेल. कळलंय. विहीण होणारी बाई माझ्या पायाशी बसली आणि मी तिच्याकडून खोट्या पायात सपात घालून घेतली. इतकी लाज पाय गेला तेव्हाही वाटली नव्हती.

२४ फेब्रु.
मधुराला सगळं सांगितलं. तिने सपाता उलटसुलट करून बघितल्या, टाच कमी पडतेय म्हणाली, दोन्हींत जाड पट्टी चिकटवली. "आता उभ्या ऱ्हावा."
उभी राहिले. गुडघा मागे गेला नाही.

२५ फेब्रु., मंगळ.
अनूला म्हटलं, शपथ सुटली, सांग किरणला. "मी नाही. खोटं तू बोललीस, तूच सांग."
चार वाजता फोन केला. "ताई, माझ्या टाचेला काही झालेलं नाही. उजवा पाय खोटा आहे. साखरेने गेला. तुमच्या दारात मी खोटं बोलले. अनूला मीच गप्प बसवलं होतं."
पलीकडे कुकरची शिट्टी. मग सुमनताई, "थांबा. गॅस बंद करून फोन करतो."
दिवेलागण झाली. अनू फोन मांडीवर घेऊन पायरीवर बसली आहे. मी त्यांच्याच सपाता घालून तिच्या मागे उभी आहे. अजून फोन नाही.