शेजारच्या सीटचा ब्रेक

३ मार्च, सोमवार
सकाळी दोन शिकाऊ. दुपारी वहिनींचा पहिला धडा. दादा गेला, आता त्यांना फिरतीची नोकरी मिळते आहे, पण पक्कं लायसन्स हवं; शिकाऊ आधीच काढलेलं आहे. ड्रायव्हिंग स्कूल घरचं, मास्तर मी, गाडीला माझ्या बाजूलाही ब्रेक. महिन्यात काढून देतो म्हणालो.

६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी घरासाठी माहितीपत्रक दिलं. मोठ्या आघातानंतर प्रत्येकाचं मन वेगळं वागतं म्हणे. घरातल्यांची वर्गवारी केली. आई: चिडणे. वहिनी: नको तेव्हा हसणे. पुतणी दादाचा स्वेटर अंगातून काढत नाही. त्याला पत्रकात नाव सापडलं नाही. मी: काही नाही. अपघातात दादाच्या गाडीत त्याच्या शेजारी मीच होतो, पण माझा पिंडच थंड.

१० मार्च
वहिनींची प्रगती बेताची. गाडीनं जरा वेग घेतला की थांबते. आत्मविश्वास नाही. बाकीचे शिकाऊही हल्ली असेच भित्रे मिळतात. एक जण समोरच्या स्कूलमध्ये गेला. तिथे म्हणे चौथा गिअर दाखवतात.

१४ मार्च
केस कापून आलो. न्हावी म्हणाला, पायाखालची पट्टी तुटेल साहेब, सैल बसा. खुर्चीच जुनी त्याची. जेवताना टेबल का ढकलतोस म्हणून आई करवादली. तिचं चिडणं वाढलं आहे. पत्रकात आहेच.
संकल्प: उद्या वहिनींना तिसरा गिअर.

१५ मार्च
तिसरा गिअर पुढे ढकलला. रस्त्यात कुत्रं होतं. लांब होतं, पण कुत्र्याचा काय भरवसा.

२० मार्च
उजव्या बुटाचा तळ गेला. डावा नवाकोरा. चांभारानं विचारलं, लंगडी खेळता का? हल्ली चामडंच धड येत नाही.

२६ मार्च
वहिनींची टेस्ट. इन्स्पेक्टर मागे, मी शेजारी. सरळ रस्ता, समोर चिटपाखरू नाही, आणि गाडी गचकन थांबली. सुरू केली, पुन्हा थांबली. नापास.
घाबरून गोठणे. पत्रकात ठळक अक्षरांत आहे. इन्स्पेक्टर उतरल्यावर मी समजावू लागलो, वहिनी, भीती वाटायचीच, वेळ द्या मनाला. त्या हसल्या नाहीत.
"भावजी, माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. तुमचा काढा आता."
मी खाली पाहिलं.
"त्या दिवशी तुमच्या बाजूला ब्रेक नव्हता. असता तर दाबलाच असतात. मला ठाऊक आहे."
मग त्या चालत घरी गेल्या.

२७ मार्च
नोकरीवाले पुढच्या टेस्टपर्यंत थांबतो म्हणाले. वहिनींना समोरच्या स्कूलमध्ये घातलं. मीच सोबत गेलो. तिथला मास्तर फार अदबीनं बोलला, ते जास्त लागलं.
पत्रक पुन्हा वाचलं. पायाचा उल्लेख कुठेच नाही.
संध्याकाळी गाडी धुतली. आतून पुसायला माझ्या सीटवर बसलो. इंजिन बंद, किल्ली खिशात. पाय ब्रेकवर. निघेना. दोन्ही हातांनी धरून उचलला आणि बाहेर ठेवला. मग पायाखालचं मॅट झटकून जागेवर घातलं.