चिन्नोरचा वास

आंबागड,
१७ फेब्रुवारी १९८५

प्रिय भोजूदादा,
चंद्राचा नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. आईला तिचे गुडघे छळतात आणि मला आई, एवढंच.

अमेरिकेत सोळा वर्षं साबणांचे सुवास तयार केलेस, आणि आता तुला प्रयोगशाळेतून उचलून ऑफिसात कागदांपाशी बसवलं. हे तू एका ओळीत उरकलंस. मी आईला म्हटलं, बढती असेल. ती म्हणाली, "मंग खुशीत काहून नाही लिवला?"

शेजारच्या बाबुलालच्या जावयाबरोबर पाठवलेला तांदूळ पोचला, हे बरं झालं. "डबा उघडला आणि घरभर आपल्या चिन्नोरचा वास सुटला," असं तू लिहिलंस.

दादा, तो चिन्नोर नव्हता. यंदा तुडतुड्यानं आपल्या चिन्नोरच्या बांधीतलं उभं पीक पार खाल्लं. आईनंच तुमसरच्या बाजारातला तसाच बारीक, पण बिनवासाचा तांदूळ बांधायला लावला. "पाठव त्याले. कसा भांडते पाहू," म्हणाली. कोणाच्या चुलीवर कुठला भात शिजतोय, ते तू लहानपणी रस्त्यावरून सांगायचास ना! तुझ्या भांडणाच्या पत्रासाठी तिनं पोस्टमनला रोज हटकलं.

मी तुझं वाक्य वाचलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

"त्याले वास येऊन नाही राहिला, चंद्रा. अन् पोरगा कोणाले सांगून नाही राहिला."

मी तिच्यावरच चिडले. सर्दी झाली असेल, म्हटलं. पण मग तुझं दिवाळीचं पत्र आठवलं. कारखान्यात कसलीशी वाफ उडाली, चार दिवस दवाखान्यात होतो, काळजीचं काही नाही. तेव्हाच ना रे? ज्या नाकानं तुला एवढ्या लांब नेलं तेच गेलं, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून तू सुवास लिहून पाठवलास. मला फार रडू आलं, दादा. तिथं तू कोणाजवळ रडलास?

आईनं तेव्हापासून भाताला हात लावलेला नाही. भाकरी खाते. काल म्हणाली, "त्याले लिव, घरी ये. नाक त्याच्या कंपनीले लागते, मले नाही लागत."

तू ये. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, ते आता मी तुला सांगत जाईन.

तुझीच,
चंद्रा