चोवीस दिवसांचं पाणी

३ मार्च, रविवार

खण्... मग पाय ओढल्याची घसर... खण्... मग पाण्याची सर्र.

आबांची पितळी झारी. तिची कडी ढिली होती आणि आबा डावा पाय ओढत चालत, त्यामुळे एका पावलाला कडी वाजे आणि दुसऱ्याला पाय घासे. वाईच्या आमच्या परसात रोज पहाटे हा आवाज फिरायचा. प्रत्येक झाडापाशी थांबून आबा विचारायचे, काय रे, तहान लागली का? माझ्या वडिलांना जाऊन अडतीस वर्षं झाली, झारी कधीच मोडीत गेली, पण नव्या जागेत पहिली झोप लागली की माझा कान अजून त्या परसात जाऊन बसतो.

उठलो तर बेंगळुरू. येलहंका. डोक्यावरून हवाईदलाचं विमान घरघरत गेलं आणि आबा कुठल्या कुठे पळाले.

निहार स्वतः वाईला येऊन मला घेऊन आला. माझी बायको उल्का गेल्यापासून आम्हा बापलेकांचं बोलणं दिवाळी-पाडव्याच्या फोनपुरतं उरलं होतं. ती असतानाही फार होतं असं नाही. आणि एकाएकी म्हणाला, बाबा, घर बंद करा, मार्चअखेर आपण सगळेच दोन महिने मेलबर्नला जातोय, भार्गवीच्या बहिणीकडे. शहात्तराव्या वर्षी मुलाने असं हाताला धरून न्यावं! गाडीत मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

माझी नात निधी दहा वर्षांची आहे. तिने ठरवून टाकलंय की विमानातली खिडकी तिची, पण समुद्र आला की माझी.

५ मार्च

घराभोवती बाग आहे. कुंड्यांची हजेरी घेतली, एकेचाळीस. म्हणजे वर्ग भरलेला. मोगरा, अनंत, कनकांबर, कढीपत्ता, पानओवा, दोन ब्रह्मकमळं. माझ्या सुनेने, भार्गवीने हौसेने लावलेली आणि वेळ नाही म्हणून अर्धीमुर्धी सुकलेली. दोन महिने घर बंद राहणार, तेव्हा ही सगळी तयारी माझ्याकडे आली. पुन्हा मास्तरकीवर रुजू झाल्यासारखं वाटलं.

नववीत असताना मी एक ओळ रचली होती, भुजंगप्रयातात: तुला पाणि देतो, मला सावली दे. 'पाणी'चा णी वृत्तासाठी ऱ्हस्व केला म्हणून गुरुजींनी कान धरला होता. पण आबांना त्यांच्या सूर्याची, म्हणजे माझी, ती ओळ आवडली. एका कुंडीला एक ओळ, इतकंच पाणी घालायचं, अशी त्यांनी सवयच लावून घेतली. आज मीही तसंच केलं. कामाला येणाऱ्या चंद्राबाई मूळच्या सीमाभागातल्या भालकीच्या, मराठी छान बोलतात. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, आता अज्जा कुंड्यांची परीक्षा पण घेणार, आणि नापास झाली तर काय, वर्गाबाहेर उभी करणार?

समोरचे भीमाचार्य फाटकापाशी आले. कानाने अधू, पण बोलायची हौस दांडगी. त्यांच्या कानडीतलं मला एवढंच समजलं की पाणी स्वल्प कमी घाला. मी सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हटलं. ते खूश.

९ मार्च, शनिवार

आज एक गंमत झाली. निहारने वही-पेन घेतलं आणि म्हणाला, बाबा, तुमची पद्धत सांगा, मी लिहून घेतो. केदारच्या वेळी केली होती ती.

मला वाटलं नव्हतं त्याला आठवत असेल. शहाऐंशीच्या मे महिन्यात शाळेतल्या शिक्षकांबरोबर आम्ही केदार-बद्रीला गेलो होतो, चोवीस दिवस. निहार तेव्हा आठ वर्षांचा. परसातल्या झाडांसाठी मी बादल्या उंचावर ठेवून सुती वाती सोडल्या होत्या. परत आलो तर मोगरा टवटवीत. त्याच उन्हाळ्यात आबा गेले. अंथरुणाला खिळले होते ते. शेजारच्या नागनाथकडे घराची किल्ली दिली होती, पण तो फिरकलाच नाही. असो. जुन्या गोष्टी.

तर मी शुद्धलेखन घालतात तसं सांगत गेलो. वाढलेलं सगळं छाटावं. फुलं-कळ्या खुडाव्या, कळी राहिली की झाड मागत राहतं. खत आठवडाभर आधी बंद करावं, म्हणजे भूक मंदावते. सगळ्यांना उत्तरेच्या बाजूला सावलीत हलवावं, वर हिरवी जाळी लावावी. जुन्या धोतराची वात वळून एक टोक बादलीत, दुसरं मुळाशी. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी बोट लावून ओल पाहावी, झाड पाणी घेतंय ना याची खात्री करावी.

निहारने एकेक वाक्य परत वाचून दाखवलं. काना-मात्रा अचूक. मग विचारलं, एका बादलीवर किती दिवस निघतात? मी म्हटलं, चोवीस. तो म्हणाला, हो, चोवीस. आणि वही मिटली.

१३ मार्च

पासपोर्ट निहारच्या कपाटात आहे, व्हिसाचं तोच बघतोय. फोनही त्याने नेलाय, तिकडे चालेल असं कार्ड घालून देणार आहे. मेलबर्नमध्ये वाचायला पाचवी ते दहावीची जुनी बालभारती-कुमारभारती बरोबर घेणार. भार्गवी म्हणाली, बाबा, वजन किती होईल. मी म्हटलं, कवितांना वजन नसतं. ती हसली. चांगली मुलगी आहे.

१७ मार्च, रविवार

आज बागेचं मोठं काम उरकलं. सगळ्या कुंड्या उत्तरेच्या भिंतीशी, वर जाळी, वाती तयार. पंधरा दिवसांनी चंद्राबाई येऊन बादल्या भरणार.

मोगऱ्याच्या कळ्या खुडताना निधी रडली. मलाही कसंसं झालं. म्हटलं, दोन-चार राहू देत. निहार मागून आला आणि एकेक करून सगळ्या खुडल्या. फार सावकाश. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, त्या वेळी वाईचं कुलूप मी उघडलं होतं, आठवतंय का? तुम्ही टांग्यातून सामान उतरवत होता.

मी म्हटलं, आठवत नाही रे.

तो म्हणाला, मोगरा खरंच टवटवीत होता.

२३ मार्च

निहारने चंद्राबाईंना आजपासून यायचं नाही म्हणून सांगितलं. मी विचारलं, मग बादल्या कोण भरणार? म्हणाला, ते मी बघतो. चंद्राबाई जाताना माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, अज्जा, आमच्यासाठी तिकडून काही आणू नका, तुम्ही नीट या.

२४ मार्च, रविवार

भार्गवी आणि निधी आज गेल्या. निहारचं ऑफिसचं काम निघालं, म्हणून आम्ही दोघं शुक्रवारी निघणार. गाडीत बसण्याआधी निधी माझ्या कानाशी आली. म्हणाली, आजोबा, बाबाच्या फोनवर तीनच तिकिटं आहेत, मी पाहिली. भार्गवी तिला रागावली. म्हणाली, आजोबांचं वेगळं काढलंय, बाबाने मला सांगितलंय ना?

घर एकदम मोठं झालं.

२५ मार्च

न्हावी घरी आला. मी दाढीपुरतं म्हटलं होतं. निहार मागे उभा होता, त्याने खूण केली आणि न्हाव्याने डोकं भादरून काढलं. नखंसुद्धा मुळापर्यंत. लांबचा प्रवास आहे, म्हणाला निहार. आरशात मी मला ओळखलं नाही. आबा दिसले.

जेवायला फक्त पेज. विमानाआधी पोट हलकं हवं म्हणे.

२६ मार्च

माझी खाट मागच्या खोलीत हलवली आहे. पुढची खोली तापते, म्हणाला. ही खोली उत्तरेला आहे. खिडकीच्या पलीकडे माझ्याच कुंड्या. खिडकीवर त्याने बाहेरून हिरवी जाळी ठोकली.

फोन मागितला. कार्ड आलं नाही अजून. पुस्तकं मागितली. बॅगेत भरलीत. भीमाचार्यांना भेटून येतो म्हटलं, तर ते कालच यात्रेला, मंत्रालयाच्या मठात गेले.

संध्याकाळी ताकदीच्या म्हणून दोन गोळ्या दिल्या. पाय जड झालेत. म्हातारपण, दुसरं काय. उगाच भलते विचार नकोत.

२७ मार्च

पेजही नाही. नुसतं पाणी.

दुपारी गोळ्यांच्या गुंगीतून जागा झालो तेव्हा वहीतलं ते पान उशाशी पडलं होतं. मी सांगितलेलं, त्याच्या अक्षरात. प्रत्येक वाक्यापुढे लाल शाईची खूण. छाटावं. खूण. खुडावं. खूण. खत बंद. खूण. सावलीत हलवावं. खूण. जाळी. खूण.

मनाला समजावलं की बाग झाली म्हणून खुणा केल्या असतील. पण बाग सतरा तारखेलाच झाली होती. शाई आजची आहे. बोटाला लागली.

वातीपुढे अजून खूण नाही.

२८ मार्च

संध्याकाळी निहार स्टूल घेऊन आला. त्यावर बादली. बादलीतून वात. तिचं टोक माझ्या उशीवर आणून ठेवलं. वात माझ्याच धोतराची आहे, काठ ओळखला मी.

मी म्हटलं, निहार, हे काय चाललंय तुझं? तो खाटेच्या कडेला बसला. लहानपणी बसायचा तसाच, पाय हलवत. त्याने बोट माझ्या खालच्या ओठाला लावलं. ओल पाहिली. मान हलवली.

मग म्हणाला, हरिद्वारला तुमच्या खिशात किल्ली मी पाहिली होती, बाबा.

म्हणजे त्याला माहीत आहे. सगळी वर्षं माहीत होतं.

लिहून टाकतो. नागनाथला किल्ली दिलीच नव्हती. निघायच्या गडबडीत राहून गेलं. तिसऱ्या दिवशी हरिद्वारला रुमाल काढायला खिशात हात घातला आणि ती हाताला लागली. मागे फिरता आलं असतं. दोन रात्रींचा प्रवास. आबांच्या उशाशी बादली होती, वात होती. मी मनाशी म्हटलं, वात चालू आहे. निहारने विचारलं, आबांना कोण बघतंय? मी म्हटलं, नागनाथकाका. आणि पुढच्या गाडीत बसलो. उल्काला कधी सांगितलं नाही. नागनाथला मात्र गावाने मरेपर्यंत नावं ठेवली, आणि मी ठेवू दिली.

आज मी निहारचे पाय धरले. पोटच्या मुलाचे. तो म्हणाला, तुमचीच पद्धत आहे. झाडं जगतात.

खाटेवरून उठता येत नाही. पाय माझे नाहीत.

२९ मार्च

पहाटे बॅगेची चाकं वाजली. पुढचं दार. कुलूप. गाडी.

मी त्याला अ-आ-इ शिकवलं. अंगणात, धुळीत बोट धरून — माझं बोट धरून तो — आणि त्याच बोटाने —

हाक मारतो तेव्हा वर विमान असतं.

वार? बहुतेक सोमवार

वात तोंडात धरून ठेवतो. थेंब येतो. तुला पाणि देतो — थेंब — मला सावली दे — थेंब. एका ओळीला एक. आबांनीही असंच मोजलं असेल. माझीच ओळ —

ते कितव्या दिवसापर्यंत म्हणत होते?

खिडकीबाहेरच्या कुंड्या टवटवीत आहेत.

माहीत नाही

बादली अर्ध्याखाली. पेन उशीखाली लपवलं होतं ते बरं.

कुंड्यांच्या बादल्या मात्र भरलेल्या. काठोकाठ. कोणी भरल्या? निहार नाही. चंद्राबाईंकडे किल्ली नाही. रात्री नव्हत्या भरलेल्या —

मोगऱ्याला कळी आली आहे. सगळ्या खुडल्या होत्या. मी पाहिलं होतं —

पहाट

हिरवा उजेड. बागेत कुणीतरी चालतंय.

चंद्राबाई, म्हणून हाक मारली. आवाज फुटला नाही.

खण् —

भीमाचार्य काठी घेऊन आले असतील. काठीच असेल —

घसर.

खण्.

एकेका कुंडीपाशी थांबतंय. सर्र. पुढे. सर्र. एकेचाळीस झाल्या. मी मोजल्या. आता भिंतीच्या आत. बोळात. कुलूप वाजलंच नाही — किल्ली कुठे होती त्यांच्याकडे, ती माझ्या — माझ्या खिशात —

दारापाशी थांबलं.

दाराखालून पाणी येतंय. खाटेपर्यंत आलं. गार आहे. वाईच्या आडाचा वास —

दार उघडतंय. आधी झारीची चोच. मग हात. मग —

काय रे सूर्या, तहान —